दावाओला जाताय? मग मनिलाचे पॉडकास्ट जरा बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वैद्यकीय शिक्षणासाठी काही महिन्यांत फिलिपिन्समधल्या दावाओला जायचंय. तयारी म्हणून मोबाइलवर तगालोग शिकणं चालू आहे. पण तिथे आधीपासून शिकणारी मुलं सांगतात की वॉर्डात पेशंट बिसाया बोलतात, तगालोगवर भागत नाही. तर बिसायातले, आणि एकूणच फिलिपिन्सच्या प्रांतांतले ऐकण्याजोगे पॉडकास्ट कोणते, आणि ते शोधायचे कसे? नेटवरच्या सगळ्या 'उत्तम फिलिपिनो पॉडकास्ट' याद्यांत तीच ती नावं येतात, अशीही तक्रार आहे.

तक्रार खरी आहे आणि त्या मुलांचं म्हणणंही खरं आहे. माझं काम ऑडिओ निवडण्याचं. वेगवेगळ्या भाषांतले कार्यक्रम ऐकायचे, संग्रहात काय घ्यायचं आणि काय नाही ते ठरवायचं. गेली काही वर्षं त्यात फिलिपिन्सच्या भाषांचा वाटा मोठा आहे. त्या जोरावर आधीच सांगून टाकते: प्रांतांतला आवाज 'पॉडकास्ट' या पाटीखाली फारसा सापडत नाही. तो रेडिओवर आहे, फेसबुकच्या लाइव्हमध्ये आहे, यूट्यूबवर एकच चित्र लावून तासभर वाजणाऱ्या नाटकांत आहे. त्यातला थोडासा भाग स्पॉटिफायपर्यंत पोचतो, आणि तिथेही बऱ्याचदा भलत्याच भाषेच्या खात्यात जमा होतो. म्हणून शोध गावापासून सुरू करायचा, पॉडकास्टपासून नव्हे.

आधी भाषांचा नकाशा डोक्यात बसवा. २०२० च्या जनगणनेत घरात कोणती भाषा बोलता असं विचारलं तेव्हा ३९.९ टक्के कुटुंबांनी तगालोग सांगितली. १६ टक्क्यांनी 'बिसाया', आणि वेगळ्या रकान्यात ६.५ टक्क्यांनी 'सेबुआनो'. या दोन रकान्यांतली बहुतेक माणसं एकच भाषा बोलतात. कोणी तिला बिसाया म्हणतं, कोणी सेबुआनो. त्याखाली हिलिगायनोन ७.३, इलोकानो ७.१, बिकोल ३.९, मग वाराय, कापाम्पांगान, पांगासिनान आणि मिंदानाओ या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटावरच्या (दावाओ त्यावरच आहे) मुस्लिम समाजांच्या भाषा. म्हणजे देशातल्या दहापैकी सहा घरांत तगालोग ही घरची भाषा नाही. याद्यांत मात्र नव्वद टक्के जागा तिची आणि इंग्रजीमिश्रित 'टॅगलिश'ची, असं माझा कान सांगतो.

त्या याद्यांतले कार्यक्रम वाईट आहेत असं नाही. 'बारांगाय लव्ह स्टोरीज' हा मनिलाच्या एफएमवरचा, श्रोत्यांच्या प्रेमपत्रांचा कार्यक्रम प्रचंड ऐकला जातो आणि निवेदनाचा नमुना म्हणून ऐकावाच. हौवी सेव्हेरिनो या ज्येष्ठ पत्रकाराच्या मुलाखती तर मला फार आवडतात. समोरच्याला बोलू द्यायची कला त्यांच्याकडे आहे. 'कूलपाल्स'मध्ये स्टँड-अप कॉमेडियन मंडळी धुडगूस घालतात. तगालोग चालू ठेवायची असेल तर हे तिन्ही ठेवा. पण दावाओच्या ओपीडीत बसलेली आजी यातल्या कोणासारखंच बोलत नाही.

फरक किती असावा? वैद्यकीय विद्यार्थ्याला पुरेल असं एक उदाहरण देते. तगालोगमध्ये 'हिलो' म्हणजे चक्कर. सेबुआनोत 'हिलो' म्हणजे विष. चक्करेला तिथे 'लिपोंग' म्हणतात. तगालोगमधलं 'गामोत' म्हणजे औषध, सेबुआनोतलं 'गामोत' म्हणजे झाडाचं मूळ, औषध 'ताम्बाल'. तेव्हा कान कोणत्या भाषेवर तयार करायचा हे आत्ताच ठरवलेलं बरं.

आता शोध का फसतो ते बघू. प्रत्येक पॉडकास्टच्या फीडमध्ये, म्हणजे ॲपला शोची माहिती पुरवणाऱ्या फाइलमध्ये, भाषेची एक खूण भरावी लागते. अ‍ॅपलच्या नियमात ही खूण मुळात दोन अक्षरी भाषासंकेतांची आहे. तगालोगला दोन अक्षरी संकेत आहे, मराठीलाही आहे. सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन, वाराय यांना फक्त तीन अक्षरी संकेत आहेत. (आपल्या कोकणीचीही हीच गत.) मग बिसाया बोलणाऱ्या सेबू शहरातला एखादा मुलगा शो चढवताना काय करतो? दिलेल्या यादीतून तगालोग किंवा इंग्रजी निवडतो आणि मोकळा होतो. परिणामी तुम्ही कुठल्याही ॲपमध्ये भाषेची चाळणी लावा, त्याचा शो चाळणीतून खाली पडतो.

स्पेलिंगची गंमत वेगळीच. या सगळ्या भाषा रोमनमध्ये उच्चाराप्रमाणे लिहितात, त्यामुळे ऐकलेला शब्द टाइप करणं आपल्याला सोपं जातं. पण सेबुआनोत 'ओ' आणि 'उ', तसंच 'ए' आणि 'इ' सर्रास एकमेकांच्या जागी येतात. 'इस्तोर्या' कोणी 'आय'ने लिहितं, कोणी 'ई'ने. एका स्पेलिंगने काही मिळालं नाही तर स्वर बदलून पुन्हा शोधा. नुसत्या एवढ्याने निकाल बदलतात.

शोधायचे शब्दही त्यांचेच हवेत. 'सेबुआनो पॉडकास्ट' असं टाइप केलंत तर परदेशी लोकांना भाषा शिकवणारे धडे मिळतील, कारण सेबुआनो हे नाव जास्त करून पुस्तकातलं. दावाओचा माणूस स्वतःच्या भाषेला बिसाया म्हणतो आणि अभिमानाने स्वतःला 'बिसदाक' म्हणवतो. म्हणून 'बिसाया', 'बिनिसाया', 'बिसदाक' हे शब्द घ्या आणि त्यांच्याशी 'इस्तोर्या' किंवा 'सुगिलानोन' जोडा. दोन्ही गोष्टीसाठीच, पहिला बोलीतला, दुसरा जरा साहित्यिक. इलोकानोसाठी 'सारिता' आणि बातम्यांसाठी 'दामाग', वारायसाठी 'सुसुमातोन', बिकोलसाठी 'उसिपोन'. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे गावाचं नाव आणि सणाचं नाव. दावाओत ऑगस्टमध्ये कादायावान असतो, सेबूत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सिनुलोग, नागा शहरात सप्टेंबरात पेन्याफ्रान्सिया, बाकोलोदला ऑक्टोबरात मास्कारा. त्या आठवड्यांत प्रांतातला प्रत्येक बोलका माणूस माइकसमोर बसतो. सणाचं नाव आणि वर्ष टाकून शोधलं की असे आवाज हाती लागतात, जे एरवी कुठल्याच क्रमवारीत दिसत नाहीत. बिसाया संगीतासाठी 'विसपॉप' हा शब्द वापरा. २०१३ मध्ये सेबूत सुरू झालेल्या गीतलेखन स्पर्धेचं हे नाव, आता ते सगळ्या बिसाया पॉप गाण्यांना चिकटलं आहे. त्या गायकांच्या मुलाखती तरुण, झपझप, रस्त्यावरच्या बिसायात असतात.

लिसन नोट्स या पॉडकास्ट शोधायच्या संकेतस्थळावर भाग पातळीवर शोध घेता येतो, शोच्या नावात नसलेलं गाव एखाद्या भागाच्या वर्णनात असेल तर ते सापडतं. तांत्रिक अंग असेल तर पॉडकास्ट इंडेक्स या खुल्या सूचीचा अख्खा डेटाबेस फुकट उतरवून घेता येतो आणि शीर्षकं, वर्णनं स्वतः चाळता येतात. मी कामासाठी तेच करते. तुम्हाला त्याची गरज नाही.

कारण तुमच्यासाठी मुख्य वाट रेडिओची आहे. फिलिपिन्समध्ये रेडिओ स्टेशनचं सांकेतिक नाव ऐकलं की ते देशाच्या कोणत्या भागातलं ते लगेच कळतं: 'डीझेड' आणि 'डीडब्ल्यू' लुझॉनचे (उत्तरेचं बेट, मनिला त्यावर), 'डीवाय' विसायासचे (मधली बेटं, सेबू त्यांत), 'डीएक्स' मिंदानाओचे. यूट्यूबवर वा फेसबुकवर एखाद्या कार्यक्रमाच्या नावात 'डीएक्स' दिसलं की तो मनिलाचा नाही, एवढी खात्री. दावाओत 'डीएक्सडीसी' हे आरएमएन नेटवर्कचं स्टेशन, 'डीएक्सएमएफ' हे बोम्बो राद्योचं. आरएमएनचा जन्मच मिंदानाओतला, १९५२ साली कागायान दे ओरोमध्ये. नावातला 'एम' मिंदानाओचा आहे. बोम्बो राद्यो इलोइलोहून वाढलं, १९६६ पासून. ब्रिगादा न्यूज एफएम जनरल सान्तोसहून. ही तिन्ही जाळी प्रांतांतून उभी राहिली आणि प्रत्येक गावी तिथल्या भाषेत बोलतात. एकाच बोम्बो राद्योचं इलोइलोचं बातमीपत्र हिलिगायनोनमध्ये, विगानचं इलोकानोत, दावाओचं बिसायात.

ही स्टेशनं शोधायला रेडिओ गार्डन हे संकेतस्थळ उघडा. पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावचं स्टेशन सुरू. दावाओ, मग दुमागेते, ताक्लोबान, लाओआग असं एका संध्याकाळी फिरून या. भाषा कळायची गरज नाही. कुठे बोलण्याची चाल बदलते ते कानाला समजतं.

नवख्याने बातम्यांपासून सुरुवात करावी असा सल्ला सगळे देतात. मी देत नाही. प्रांतीय बातमीपत्रं आरडाओरड करणारी, पार्श्वसंगीताने भरलेली आणि अतिशय वेगवान असतात. त्याऐवजी सकाळचा गप्पांचा कार्यक्रम लावून फक्त वेळ ऐका. दर काही मिनिटांनी निवेदक किती वाजले ते सांगतो, आणि सेबुआनोत घड्याळाची वेळ स्पॅनिश आकड्यांत सांगतात: 'आलास ओचो', 'आलास नुएबे'. पैसे आणि वार यांतही स्पॅनिश भरपूर. पेशंटला गोळी किती वाजता घ्यायची हे सांगायला तुम्हाला नेमकं तेच लागणार आहे. बातम्या हव्यातच तर जीएमए या टीव्ही नेटवर्कच्या प्रादेशिक वाहिनीचे 'वन मिंदानाओ' आणि सेबूचं 'बालितांग बिसदाक' यूट्यूबवर बघा. चित्र समोर असलं की अर्थ लागतो.

माझ्या मते खरा खजिना मात्र रेडिओ नाटकांचा आहे. आपल्याकडे आकाशवाणीच्या श्रुतिका आठवणीपुरत्या उरल्या. बिसायात ही परंपरा अजून रोजच्या जेवणाइतकी चालू आहे. दुपारच्या वेळी मालिका लागते, भांडी घासत, शिलाई मारत लोक ऐकतात. सेबूच्या 'डीवायएचपी'वरचा 'हान्दुमानान सा उसा का आवित' हा फार जुना आणि लाडका प्रकार: श्रोता आपल्या आयुष्यातली गोष्ट पत्रातून कळवतो, तिच्याशी एक गाणं बांधलेलं असतं, आणि कलाकार ती गोष्ट नाटक करून सादर करतात. सासू-सून, परदेशी गेलेला नवरा, जमिनीचा वाद, आजारपण, पश्चात्ताप. आजारपण तर इतकं येतं की काही भाग म्हणजे केस हिस्ट्रीच वाटते. संवाद ठसठशीत, भावना उघड, एकच गोष्ट तीनदा सांगितलेली. समीक्षक याला नाकं मुरडतील. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. यूट्यूबवर 'द्रामा' आणि 'बिसाया' असे दोन शब्द घातले की अशा नाटकांचे ढीग सापडतात. कोणी कोणाला काय म्हणून हाक मारतं तेही यातच कळतं: थोरल्या भावाला 'कुया' किंवा जुन्या वळणाने 'मानोय', थोरल्या बहिणीला 'आते' किंवा 'मानांग', म्हाताऱ्यांना 'लोलो' आणि 'लोला', अनोळखी प्रौढांना 'नोंग' आणि 'नांग'. वॉर्डात एवढ्याने निम्मं काम होतं.

मग भुतांच्या गोष्टी. तगालोग पॉडकास्टमध्ये हा प्रकार तुफान चालतो आणि प्रांतांत तर तो घरचाच आहे. इथे भुताच्या स्थानिक नावाने शोधा: 'वाकवाक', 'सिग्बिन', 'उंगो', 'एन्कान्तो'. जोडीला कापिझ किंवा सिकिहोर टाका. पहिला प्रांत अस्वांगसाठी, म्हणजे माणसं खाणाऱ्या भुतांसाठी, बदनाम, दुसरं बेट वैदूंसाठी प्रसिद्ध. गोष्ट सांगणारा बहुधा घरी, एकट्याने, हळू आवाजात बोलतो, त्यामुळे शब्द सुटे ऐकू येतात. आवाजाच्या दर्जाबद्दल कुरकुर करू नका. मागे कोंबडा आरवतो, ट्रायसिकल जाते, असू दे.

राजकीय भाष्याच्या कार्यक्रमांबद्दल एक सावधगिरी. तिथे 'ब्लॉकटाइम' नावाची पद्धत आहे: स्टेशनकडून तास विकत घ्यायचा आणि त्यात आपलं बोलायचं. पैसे कोणी भरले हे श्रोत्याला कळतंच असं नाही, आणि निवडणुकीच्या वर्षात तर स्थानिक पुढारीच मागे उभा असू शकतो. म्हणून जो भाष्यकार रोज एकाच माणसावर तुटून पडतो त्याचं बोलणं भाषेसाठी ऐका, माहितीसाठी नको. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रांतात माइकसमोर बसणं धोक्याचं असतं. ५ नोव्हेंबर २०२३ ला मिसामिस ऑक्सिदेंताल प्रांतातल्या कालाम्बा इथे हुआन जुमालोन, श्रोत्यांचा 'डीजे जॉनी वॉकर', घरातल्या स्टुडिओतून बिसाया कार्यक्रम करत होता. फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असतानाच त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा एखाद्या गावच्या शोमध्ये महापौरांबद्दल चकार शब्द निघत नसेल, तर त्यावरून निवेदकाचं मोजमाप करू नका.

२०२० हे वर्षही लक्षात ठेवा, कारण त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं असा या शोधात फरक पडतो. ५ मे २०२० ला एबीएस-सीबीएन या सर्वांत मोठ्या वाहिनीचं प्रक्षेपण बंद पाडलं गेलं, १० जुलैला संसदीय समितीने परवाना नाकारला आणि ऑगस्टअखेर तिची प्रादेशिक भाषांतली सगळी बातमीपत्रं थांबली. सेबू आणि दावाओची तिची रेडिओ स्टेशनंही गेली. 'डिअर एमओआर'सारखे तिच्या एफएमवरचे कार्यक्रम ऑनलाइन जाऊन टिकले. त्याच सुमारास टाळेबंदी, आणि फुकटात पॉडकास्ट चढवायची सोय. कॉलेजची मुलं, बँडवाले, शिक्षक असे अनेक जण तेव्हा उतरले. बहुतेकांचे शो पंधरा-वीस भागांत आटोपले. म्हणूनच मी नावांची लांब यादी देत नाही. सहा महिन्यांत ती शिळी होते. शो सापडला की आधी शेवटच्या भागाची तारीख बघा. बंद पडलेला असला तरी ऐकायला हरकत नाही, फक्त जे आवडेल ते उतरवून ठेवा. असे शो एका सकाळी नाहीसे होतात आणि मग ते कुठेच नसतात.

आता 'ऐकण्याजोगा' कशाला म्हणायचं? माझी पहिली कसोटी: निवेदक कोणाशी बोलतोय. आपल्या गावच्या माणसाशी बोलत असेल तर तो चौकाचं, शाळेचं, बेकरीचं नाव घेतो आणि समजावून सांगायला थांबत नाही. बाहेरच्याशी बोलत असेल तर दर दोन वाक्यांनी खुलासा करतो. पहिला ठेवायचा, दुसरा सोडायचा, भले दुसरा तुम्हाला सोपा जात असेल. नंतर बघायचं ते पाहुण्यांचं वय. साठीच्या पुढचा पाहुणा आला की निवेदकाचं इंग्रजी आपोआप कमी होतं. एरवी दर वाक्यात इंग्रजी घुसवणारी मुलंही आजोबांसमोर शुद्ध बिसायावर येतात. म्हणून कुठल्याही शोचा आजी-आजोबांचा भाग आधी लावा. त्यानंतर विनोद. मनिलाच्या करमणुकीत बिसाया उच्चार हा जुना थट्टेचा विषय आहे. मोलकरीण किंवा ड्रायव्हरच्या पात्राला हटकून तो उच्चार देतात. 'बिसाया कॉमेडी' नावाखाली त्यातलं बरंच काही मिळेल. त्यात बिसाया माणूस हसवत नाही, त्याला हसलं जातं. वैद्यक शिकायला जाणाऱ्याने तो कान घेऊन तिथे उतरू नये.

एकाच बिसायात पोटभेदही आहेत. सेबू शहरात शब्दातला 'ल' गळतो, 'वाला' म्हणजे 'नाही' हा शब्द 'वा' होतो. बोहोलमध्ये 'य'चा 'ज' होतो, 'मायो'चं 'माजो'. दावाओ वस्तीचं शहर, लुझॉन आणि विसायासहून आलेल्यांचं, त्यामुळे तिथल्या बोलण्यात तगालोग शब्द बिनदिक्कत मिसळतात आणि त्यावर 'मान', 'गुद', 'बिताव' अशा जोर देणाऱ्या छोट्या शब्दांची फोडणी. सेबूचे शो ऐकून तयार झालेला कान दावाओत आठवडाभर गोंधळतो, मग सरावतो. शक्य असेल तर सेबूची नाटकं आणि दावाओच्या गप्पा, असं दोन्ही चालू ठेवा. आणि दावाओच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दक्षिण कोताबातोकडचे पेशंटही येतात. त्या बाजूला हिलिगायनोन बोलणारे खूप. ती भाषा बिसायापेक्षा मऊ, लाडीगोडीची वाटते. कानावरून जाऊ दे एवढंच.

बाकी प्रांतांबद्दल झटकन. इलोकानोसाठी फिलिपिन्सच्या बाहेर जा: १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत इलोकानो बहुसंख्य होते, आणि होनोलुलूच्या केएनडीआय रेडिओवर ती भाषा आजही ऐकू येते. वारायसाठी ८ नोव्हेंबर २०१३ च्या योलांदा वादळाच्या वर्षदिनी ताक्लोबान आणि गिवानचे आवाज शोधा. वादळानंतर गिवानमध्ये लोकांना मदतीची माहिती द्यायला 'राद्यो बाकदाव' नावाचं स्टेशन उभं केलं होतं. झांबोआंगाची चाबाकानो ही स्पॅनिशवर घडलेली मिश्र भाषा आहे. रायगडातल्या कोर्लईची पोर्तुगीज-मिश्र बोली ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिची रचना ऐकून मौज वाटेल. जुनं, खोल काही हवं असेल तर मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात निकोल रेव्हेल या फ्रेंच अभ्यासिकेच्या पुढाकाराने उभा राहिलेला महाकाव्यांचा ध्वनिसंग्रह आहे. त्याचा तुम्हाला वॉर्डात उपयोग नाही, पण एखाद्या रविवारी ऐका.

सुरुवातीला शब्द पकडता येत नाहीत, तेव्हा मजकूर आणि आवाज दोन्ही असलेलं साहित्य लागतं. ते सर्वांत जास्त धार्मिक संस्थांकडे आहे. यहोवाच्या साक्षीदारांच्या संकेतस्थळावर तोच लेख सेबुआनो, हिलिगायनोन, इलोकानो, वारायमध्ये वाचता आणि ऐकता येतो. बायबलची ध्वनिमुद्रणंही तशीच. १९४८ मध्ये मनिलात सुरू झालेल्या फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनीचं दावाओत 'डीएक्सएफई' स्टेशन आहे. तिथली प्रवचनं संथ आणि स्वच्छ बिसायात असतात. धर्माशी देणंघेणं नसलं तरी कानासाठी उत्तम. फक्त लक्षात ठेवा, ही भाषा इस्त्रीची आहे. बाजारात तशी कोणी बोलत नाही.

यंत्रांवर बेतानेच भिस्त ठेवा. गूगल भाषांतरात सेबुआनो २०१३ पासून आहे, इलोकानो २०२२ मध्ये आपल्या कोकणीबरोबरच आली, हिलिगायनोन आणि वाराय २०२४ मध्ये. लिहिलेल्या वाक्याचा अंदाज त्यातून येतो. आवाजाचं लेखन करून देणाऱ्या 'विस्पर'च्या भाषांत मात्र तगालोग आहे, सेबुआनो नाही. त्याला बिसाया नाटक दिलंत तर ते तगालोग समजून आत्मविश्वासाने भलतंच लिहून देतं. सेबुआनो विकिपीडियातल्या साठ लाखांवर लेखांनाही भुलू नका. त्यातले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या बॉटने लिहिले आहेत.

शेवटी तुमच्या धंद्याचं. रेडिओवर नाटकांच्या मधे वनौषधींच्या जाहिराती लागतात. मी त्या ढकलून पुढे जाते, तुम्ही थांबून ऐका. 'हिलानात' म्हणजे ताप, 'कालिबांगा' म्हणजे जुलाब, हे तुम्हाला पुस्तकातही मिळेल. पण 'पास्मो', 'पानुहोत', 'बुघात' हे शब्द तिथे कळतील. उन्हातून, श्रमातून आल्यावर गार पाण्याने झालेला त्रास म्हणजे पास्मो. अंगात वारा भरून ठणका लागतो तो पानुहोत, आपण 'वात धरला' म्हणतो त्याच्या जवळचा. बाळंतपणानंतर किंवा आजारातून उठल्यावर लवकर कामाला लागल्याने दुखणं उलटतं ते बुघात. पेशंट तक्रार याच शब्दांत सांगतो, आणि आधी 'मानानाम्बाल'कडे, म्हणजे वैदूकडे, जाऊन आलेला असण्याची शक्यता बरीच असते. एक वही करा, जाहिरातीतला प्रत्येक दुखण्याचा शब्द टिपा, आणि दावाओत पोचलात की पहिल्याच आठवड्यात खानावळीतल्या बाईंना विचारा की दुपारी त्या कोणतं स्टेशन लावतात. त्या सांगतील ते नाटक तिथून पुढे रोज ऐका.